तिन्ही नळ्या पिवळ्या

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार लिहितो. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. मास्तर म्हणाले, घरचे म्हणून लिहू नकोस, पाणी समितीच्या वतीने लिही, म्हणजे तो उत्तर देईल. समितीचे अध्यक्ष तेच असल्यामुळे मी तसेच करतो आहे. पुढील माहिती हवी आहे.

टाकी आतून शेवटची कधी घासली? वहीत १९ नोव्हेंबर आहे. अक्षर माझे आहे, पण तू सांगितलेस म्हणून मी लिहिले, डोळ्यांनी पाहिले नव्हते. तू गेलास तेव्हा झाकणाला कुलूप होते का? त्याची दुसरी किल्ली आहे का, असल्यास कोणाकडे?

कारण असे की वस्तीत पोटाचे आजार सुरू झाले आहेत. उलट्या, जुलाब, काहींना ताप. पहिले घर २७ जानेवारीला, आज चौदा घरे. मी वस्तीचा नकाशा काढला आहे आणि आजारी घरांवर फुली मारतो. बारा फुल्या खालच्या गल्लीत, दोन वरच्या. वरचे म्हणतात खालच्यांना भांडी नीट घासता येत नाहीत. खालचे म्हणतात वरचे आजार लपवतात. मी दोन्हीकडे कागद घेऊन जातो, आणि दोन्हीकडे दार अर्धेच उघडतात.

पाण्यात दोष नाही, हे मात्र मी खात्रीने लिहितो. आता व्हॉल्व्हची चावी आणि तपासणी दोन्ही माझ्याकडे आहेत. टाकीत रोज एक बादली ब्लीचिंग पावडर कालवून घालतो. पाटीवर एकच बादली लिहिली आहे. तू तीन घालायचास, ते नियमाला धरून नव्हते. सकाळी सातला पाणी सोडले की तीन ठिकाणी काचेची नळी भरतो: टाकीखालचा नळ, शाळेचा नळ आणि खालच्या गल्लीतले शेवटचे घर. प्रत्येक नळीत 'ओटी' या तपासणीच्या औषधाचे दोन थेंब. पावडर पाण्यात पोचली असेल तर रंग पिवळा होतो, नसेल तर पाणी पांढरेच राहते, हे तुला मी सांगायला नको. रोज तिन्ही नळ्या पिवळ्या होतात. शेवटच्या घराचा रंगही टाकीखालच्या इतकाच, एक छटा कमी नाही. मास्तर म्हणाले, तुझी वही म्हणजे आरसा आहे.

६ जानेवारीलाही मी हेच केले होते. तू व्हॉल्व्ह बंद करून बसला होतास. पावडर मेली आहे, तिला वास उरला नाही, नवीन आणा, तोवर सगळ्यांनी उकळून प्यायचे कबूल करा, मग चावी फिरवतो, म्हणालास. सगळी वस्ती रिकामे हंडे घेऊन उभी होती. मास्तरांनी मला बोलावले. मी टाकीखालच्या नळाची नळी भरली, थेंब टाकले, पिवळा आला, मी पिवळा म्हटले. 'आधी नाक दाखवून ये डॉक्टरला' असे जो म्हणाला तो मी नव्हे. मी हसलोही नाही. तू तेवढ्यात माझ्याकडे बघितलेस म्हणून तुला तसे वाटले असेल.

आणखी एक. गवंडी सांगत होता की १२ जानेवारीला तू आणि वहिनी गेलात, त्याच्या आदल्या संध्याकाळी तू टाकीवर चढला होतास आणि हातात काहीतरी होते. मी म्हटले, झाकण बघायला गेला असेल. तो 'असेल' म्हणाला. ज्या तऱ्हेने म्हणाला ते मला आवडले नाही.

आई बरी आहे. घरी पाणी उकळणे मी बंद केले आहे. वहीत 'योग्य' लिहायचे आणि घरी उकळून प्यायचे हे बरोबर दिसत नाही.

तिकडे तुझ्या बर्फाच्या कारखान्यात गारठा फार असेल. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा भाऊ

९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आले नाही. आता मी जे विचारणार आहे त्याचे उत्तर तुला द्यावेच लागेल, म्हणून शांतपणे वाच.

काल टाकी अर्धी रिकामी करून मी आत उतरलो. शिडीच्या तिसऱ्या पायरीला निळी नायलॉनची दोरी बांधलेली होती, दुसरे टोक पाण्यात. ओढली तर एक पांढरा डबा वर आला, पाच लिटरचा, तोंड घट्ट बंद. अंगावर भोके होती, तापवलेल्या खिळ्याने पाडलेली. एकवीस. मी मोजली. आत एक दगड आणि तळाशी पांढरी खरपुडी. बाकी काही नाही. जे होते ते पाण्यात गेले.

दोरीची गाठ कोणाची आहे ते मी कोणाला सांगितले नाही. ती गाठ आपल्या घरात दोघांनाच येते. त्यातले बाबा आता नाहीत.

डबा मी शाळेत मास्तरांकडे नेला. त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला आणि कुलूप लावले. "आत काय होतं ते आता चौकीवाले शोधतील," म्हणाले. मी म्हटले, "आधी त्याला विचारू या." ते म्हणाले, "विचार की. कुणी अडवलंय? पण तोवर तक्रारीचा मसुदा तयार असू दे. तुझं अक्षर चांगलं आहे." म्हणून तो मसुदा मीच लिहिला. तुझ्या नावाआधी 'संशयित' लिहायचे होते. तो शब्द मी शब्दकोशात बघून घेतला, खरे तर मला येत होता.

आज सकाळी शाळेच्या नळावर सगळ्यांना डब्याचे माहीत होते. मी कोणाला सांगितले नव्हते. रेडिओकाकू कळशी भरता भरता म्हणाल्या, "जाता जाता वस्तीला आहेर करून गेला म्हणायचा तुझा भाऊ."

"काकू, अजून काही सिद्ध झालेलं नाही."

"आमच्या पोटात झालंय की सिद्ध."

गवंडी रांगेत मागे होता. "मी काहीच म्हणत नाही बाबा," म्हणाला. "मी बघितलं तेवढं सांगितलं. चढताना डबा होता, उतरताना नव्हता. त्यातून काय निघतं ते शिकलेल्यांनी बघावं." आणि माझ्याकडे बघितले. मी नववीत शाळा सोडली हे त्याला माहीत आहे.

दादा, तू रागाने गेलास. राग यावा असेच झाले होते. पण पाण्यावर राग काढणारा माणूस तू नाहीस असे मी स्वतःला सांगतो, आणि मग मला टाकीतली दोरी दिसते. मी झोपेतून उठल्याबरोबर पहिला विचार दोरीचा येतो. पाच दिवसांत चौदाची एकवीस घरे झाली. मी पाण्यात पावडर घालतो, नळ्या पिवळ्या येतात, तरी लोक आजारी पडतात. म्हणजे पावडरीने मरत नाही असे काहीतरी पाण्यात आहे. ते काय आहे ते तुला माहीत असेल तर सांग. फक्त वस्तूचे नाव लिही. बाकी काही लिहू नकोस, डॉक्टरांना तेवढे पुरेल.

तक्रार १३ तारखेला चौकीत जाणार आहे. खाली सही माझी असेल, कारण डबा मला सापडला.

मागच्या पत्रात आई बरी आहे असे लिहिले ते खोटे होते. तेव्हा तिला आजारी पडून दोन दिवस झाले होते. परवापासून ती दवाखान्यात आहे, सलाईन चालू आहे. डोळे आत गेले आहेत. तिला डब्याचे सांगायचे नाही असे मी ठरवले होते, पण रेडिओकाकू तिला भेटून गेल्या. मी गेलो तर मला म्हणाली, "तो माझ्या पाण्यात वाईट काही घालायचा नाही. घातलं असेल तर औषधच घातलं असेल."

मी म्हटले, "आई, हे तुझं आंधळं प्रेम आहे."

ती म्हणाली, "बरं. तू डोळस आहेस ना, मग ती वरची बाटली बघ. संपत आली."

उत्तर लिही. फोनही चालेल. काहीही चालेल.

तुझा भाऊ

११ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र समितीच्या वतीने नाही.

आज दुपारी आईजवळ बसलो होतो. सिस्टर बाटली बदलायला आल्या. बदलता बदलता म्हणाल्या, "तुझ्या भावानं माझा डबा काही परत केला नाही."

"कुठला डबा?"

"पांढरा. साबणाचा रिकामा होता, मी जपून ठेवला होता. जायच्या आदल्या दिवशी आला. म्हणाला, सिस्टर, तुमच्याकडची ताजी पावडर द्या डबाभर. समितीची मेली आहे, कुणी ऐकत नाही. भोकं पाडून टाकीत टांगतो, हळूहळू विरघळेल, पंधरा दिवस तरी निघतील. तोवर ह्यांना अक्कल येईल."

आईचे डोळे मिटलेले होते. मिटलेल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, "सांगितलं होतं."

मी सिस्टरना विचारले, तुम्ही हे आधी का बोलला नाहीत. त्यांनी कमरेवर हात ठेवले. "मला कुणी विचारलं? तुमच्या समितीत दवाखान्याला बोलावतं कोण? एकवीस घरं तपासतेय मी, नळावर गप्पा मारायला जात नाही. आणि मला वाटलं तुला माहीत असेल. तू पण माझ्याकडनंच नेतोस की पावडर."

हे खरे आहे. तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. गेल्या वर्षी सिस्टरनीच सांगितले होते की काचेची भांडी पावडरीच्या पाण्यात बुडवून धुवावीत, म्हणजे स्वच्छ राहतात. तेव्हापासून दवाखान्यातली पावडर मी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि रोज तपासणी झाली की तिच्या पाण्यात नळ्या धुतो. मी ते अभिमानाने सांगितले. एक दिवस चुकवला नाही म्हटले.

सिस्टर म्हणाल्या, "आणि मग साध्या पाण्यानं चारपाचदा खळबळून घेतोस ना?"

"नाही. साध्या पाण्यानं परत मळतील ना."

"म्हणजे तशाच सुकवतोस?"

"फडक्यावर, उलट्या."

त्यांनी हातातली रिकामी बाटली टेबलावर ठेवली, ती आडवी झाली, ती पुन्हा उभी केली. मग म्हणाल्या, "अरे बाबा."

मी पळत घरी आलो. सहा नळ्या घेतल्या. तीन माझ्या पद्धतीने धुतलेल्या, तीन उकळून गार केलेल्या पाण्याने पाच-पाच वेळा खळबळलेल्या. सहांमध्ये एकाच कळशीतले, आज सकाळी सोडलेले पाणी भरले. दोन-दोन थेंब टाकले. माझ्या तीन पिवळ्या झाल्या. खळबळलेल्या तीन पांढऱ्या राहिल्या. मला वाटले घाईत काही चुकले असेल, म्हणून पुन्हा केले. तेच. मग मी दवाखान्यातून सुईबरोबर मिळते ते सीलबंद पाणी आणले. त्यात पावडरीचा कणही नसतो. ते माझ्या नळीत टाकले, थेंब टाकले. पिवळे.

माझ्या नळीत काहीही पिवळे झाले असते, दादा. नळीला चिकटून सुकलेली पावडर रंग दाखवत होती. तिन्ही ठिकाणी एकसारखा रंग यायचा त्याचे कारण तेच. वहीत मी एक अक्षर खोटे लिहिले नाही आणि वहीतली एक ओळ खरी नाही.

मग पंपाच्या खोलीत गेलो आणि समितीची पोती हुंगली. पत्र्याखाली वर्षभर तापलेली, तोंडे उघडी. वास भिंतीचा येतो, ओल्या भिंतीचा. घरी येऊन दवाखान्याच्या पावडरीचा डबा उघडला तर डोळ्यांतून पाणी आले.

नकाशाच्या मागे मी तारखा मांडल्या. तू तीन-तीन बादल्या घालून कसेबसे धकवत होतास. ६ तारखेला तेही पुरेना म्हणून व्हॉल्व्ह बंद केलास. ११ ला डबा टांगलास. १२ ला गेलास. १३ पासून मी नियमाप्रमाणे एक बादली घालू लागलो. तुझा डबा साधारण २६ ला संपला असेल. पहिले घर २७ ला. खालच्या गल्लीचा पाइप गटाराखालून जातो आणि तिथला जोड गळतो, हेही तू दोन वर्षे सांगत होतास. पाणी बंद झाले की रिकामा पाइप गटारातले आत ओढतो. पावडर जिवंत असती तर तिने त्यातले बरेच मारले असते.

आईने पाणी उकळणे बंद केले ते माझ्यामुळे. ती ऐकत नव्हती. म्हणत होती, दादानं सांगितलंय उकळून पी. मी तिच्यापुढे वही उघडून धरली होती.

आता मास्तरांकडे जातो आहे. दिवे लागायची वेळ झाली आहे, ते घरीच असतील. तक्रार थांबली पाहिजे. बाकी आल्यावर लिहीन.

१४ फेब्रुवारी

दादा,

तक्रार गेली नाही. हे पहिल्यांदा लिहितो, म्हणजे पुढचे तू निवांत वाचशील.

बाकी मात्र मला वाटले होते तसे झाले नाही, आणि त्यात मी कसा वागलो ते मला लिहायचे नव्हते. पण रेडिओकाकूंच्या बहिणीचे घर तुझ्या कारखान्यामागेच आहे. तुला कळेलच. तेव्हा माझ्याकडून कळलेले बरे.

मास्तरांनी सगळे ऐकून घेतले. मध्ये एकदाही तोडले नाही. मग म्हणाले, "पाइपचा जोड गळतोय हे खरं आहे ना?"

"हो."

"मग तेवढंच सांगू. जोड बदलू, नवीन पावडर मागवू. तक्रार मी फाडतो, म्हणजे तुझ्या भावाचं नावही निघालं यातून. आणखी काय पाहिजे तुला?"

"आणि नळ्या?"

"नळ्या उद्यापासून खळबळून घे."

"लोकांनी आजपासून उकळून प्यायला पाहिजे, मास्तर."

"सांगू की. खबरदारी म्हणून उकळा म्हणू."

"त्यांनी विचारलं की सहा तारखेला सगळ्यांसमोर पिवळा कसा आला, तर?"

"नाही विचारणार," मास्तर म्हणाले. "विचारायला आधी आठवावं लागतं."

मला ते पटले. हे लिहायला लाज वाटते, पण पटले. मास्तरांनी मला नववीत फळ्यावर तारीख लिहायला उभे केले होते, तेव्हापासून त्यांचे म्हणणे मला पटत आले आहे. दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला सकाळी, मी नेहमीसारखे पाणी सोडले आणि नळ्या घेऊन निघालो. स्वच्छ खळबळलेल्या नळ्या घरी ठेवल्या. जुन्या पद्धतीने धुतलेल्या घेतल्या. पांढरा रंग आला असता तर लोकांनी तिथेच धरले असते. आतापर्यंत जे झाले ते चुकून झाले होते, दादा. त्या सकाळचे मी जाणूनबुजून केले.

टाकीखाली पिवळा. शाळेत पिवळा. शेवटच्या घरातली सून, सातवा महिना आहे तिला, नेहमीसारखी दारात उभी होती. तिच्या नळीतही पिवळा आला. मी तो तिला दाखवला आणि म्हटले, "आजपासून पाणी उकळून प्या. खबरदारी म्हणून."

"कशाला?" ती म्हणाली. "आत्ताच तर पिवळं दाखवलंस." आणि नळाखाली पेला धरला, भरला आणि तोंडाला लावला.

मी तिच्या हातावर फटका मारला. पेला उंबऱ्यावर आपटला. तिचा सासरा आतून धावत आला, म्हणाला, "हात कुणावर उचलतोस?" मी टाकीकडे पळालो आणि मध्येच व्हॉल्व्ह बंद केला. पाणी सुटून वीस मिनिटेही झाली नव्हती.

मग काय होते ते तुला माहीत आहे. दहा मिनिटांत सगळे जमले. तू उभा होतास तिथेच मी उभा होतो आणि मला तुझ्यासारखे मोठ्याने बोलता येत नाही. मी घरून खळबळलेल्या नळ्या आणल्या आणि जुन्यांच्या शेजारी ठेवून सगळ्यांसमोर करून दाखवले. तीन पिवळ्या, तीन पांढऱ्या. मग का ते सांगितले.

रेडिओकाकू म्हणाल्या, "म्हणजे महिनाभर आम्ही ह्याच्या नळ्या बघून पाणी पीत होतो."

"तेव्हा पिवळं, आता पांढरं," मागून कोणीतरी म्हणाले. "उद्या निळं काढून दाखवेल."

गवंडी पुढे आला. "मी काही म्हणत नाही," म्हणाला, "पण उद्या ह्याच्या भावाची तक्रार जायची, आणि आज ह्याला नळ्या खोट्या असल्याचं कळतं. योग बघा कसा आहे. भाऊ भावाला धुऊन काढणारच. आम्ही कुठली नळी खरी मानायची?"

महिनाभर मी खोटी नळी खरी म्हणून दाखवली होती, आता कोणती दाखवणार? मास्तर पुढे झाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना म्हणाले, "आई आजारी आहे त्याची. डोक्यावर ताण आलाय. पाइपचा जोड गळतोय, तेवढंच आहे. घरी जा सगळे." ते इतक्या मायेने म्हणाले की दोघेतिघे वळलेसुद्धा.

मी गवंड्याला म्हटले, "माझी नळी मानू नका. पोतं बघा."

तो पंपाच्या खोलीत गेला आणि मूठभर पावडर घेऊन आला. बोटांनी चोळली, हुंगली, जिभेला लावली आणि थुंकला. "हा नुसता चुना उरलाय," म्हणाला. "तीस वर्षं हातात घेतोय मी. भिंतीला लावा, छान बसेल." मग मास्तरांकडे वळला. "मास्तर, हे पाण्यात घालत होतो आपण?"

तेवढ्यात सिस्टर आल्या, कोणीतरी त्यांना आईच्या वॉर्डातून बोलावून आणले होते. त्यांनी त्यांची स्वतःची नळी आणली होती. पाणी भरून त्यांनीच थेंब टाकले. पांढरे. "आणि तो कपाटातला डबा माझा आहे," म्हणाल्या. "चांगल्या पावडरीचा होता. तुम्ही पंधरा दिवस जे पाणी पिऊन धडधाकट होता, ते त्या डब्यामुळे. मला तो धुऊन परत पाहिजे."

शेवटच्या घरातली सून गर्दीत होती. तिने मला एवढेच विचारले, "आज सकाळी तुला माहीत होतं?"

मी हो म्हटले.

ती सासऱ्याला घेऊन गेली. तिच्या पोटात पाणी गेले नव्हते, एवढे मला पक्के माहीत आहे.

१८ फेब्रुवारी

दादा,

सोबत समितीचा ठराव जोडला आहे. तुला सन्मानाने परत बोलवावे असे त्यात आहे. 'सन्मानाने' हा शब्द गवंड्याने घालायला लावला. तीनदा म्हणाला, मी काही म्हणत नाही पण तो शब्द पाहिजे. मास्तरांनी सही केली आणि त्याच कागदाखाली अध्यक्षपद सोडत असल्याचे लिहिले. रस्त्यात भेटले तर माझ्याकडे बघत नाहीत. मी अजूनही वाट देऊन उभा राहतो.

नवीन पावडर परवा आली. पोती आता दवाखान्याच्या कोरड्या खोलीत, तोंडे बांधून ठेवली आहेत. गटाराखालचा जोड गवंडी आणि शेवटच्या घरातला सासरा मिळून बदलत आहेत. काल एकही नवी फुली पडली नाही. तरी सगळे उकळूनच पितात. तपासणी शेवटच्या घरातली सून करते. नळ्या तीच खळबळते, थेंब तीच टाकते, माझ्या हातात नळी देत नाही. मी शेजारी उभा राहून लिहितो. लिहून झाले की ती वही हातात घेऊन वाचते आणि मगच बंद करू देते. काल शाळेच्या नळावर पिवळा आला, शेवटच्या घरी फिकट पिवळा. ती म्हणाली, "फिकट लिही." मी फिकट लिहिले.

चावी अजून माझ्याकडे आहे, कारण घ्यायला कोणी तयार नाही.

आईला परवा घरी आणले. डॉक्टरांनी सांगितले आहे की अंगातले पाणी फार कमी झाले आहे, दर अर्ध्या तासाला थोडे थोडे देत राहायचे, नाहीतर पुन्हा सलाईन लावावे लागेल. तिला मी दवाखान्यातच सगळे सांगितले होते. नळ्यांचे, वहीचे, त्या सकाळचेही. ऐकून ती म्हणाली, "चुकलास. सांगितलंस ते बरं केलंस." मला वाटले झाले.

घरी आल्यावर मी वीस मिनिटे उकळलेले, गाळून गार केलेले पाणी तिच्यापुढे धरले. तिने पेला घेतला, आत बघितले, मग माझ्याकडे बघितले आणि पेला खाली ठेवला.

"उकळलंय, आई."

"हो रे. उकळलंच असशील तू."

"मग घे ना."

"घेते," म्हणाली. घेतले नाही. अर्ध्या तासाने दुसरा पेला भरला, तोही तसाच राहिला. मी तिच्यासमोर त्यातले अर्धे स्वतः प्यायलो. ती म्हणाली, "सगळं पी, तुलाही लागतंच की." दोन तास असे गेले. तिचे ओठ सुकलेले मला दिसत होते. शेवटी रेडिओकाकू डोकावल्या. त्यांनी त्याच पातेल्यातून, त्याच पेल्यात पाणी भरून दिले, आणि आईने ते एका दमात संपवले.

काकू गेल्यावर मी विचारले, "रागावली आहेस का माझ्यावर?"

"राग नाही रे," ती म्हणाली. "मी मनाला सांगते की लेकाच्या हातचं आहे. घसा ऐकत नाही. महिनाभर तुझ्या वहीवर पाणी प्यायले मी."

तेव्हापासून काकू दर अर्ध्या तासाला येतात. त्यांनाही घर आहे. काल चारदा आल्या नाहीत.

ठरावासाठी येऊ नकोस. चावीसाठीही येऊ नकोस. ती नको असेल तर मी ठेवतो आणि उरलेले आयुष्य फिकट म्हणजे फिकट लिहितो. माझ्याशी बोलले पाहिजे असेही नाही. सकाळी सातची बस वस्तीत थांबते. नेमकी तीच पाणी सोडायची वेळ आहे, म्हणून मी थांब्यावर येऊ शकणार नाही. दार नुसते लोटलेले असेल. पातेले ओट्यावर डाव्या हाताला झाकून ठेवतो. सरळ आत जा, पेला भर आणि आईला दे.